हिरकणीचे बाळ कुणापाशी होते?

रायगडाच्या पश्चिम कड्यावर हिरकणी बुरूज आहे. गड दाखवणारा प्रत्येक वाटाड्या तिथे थांबतो आणि एकच गोष्ट सांगतो. गडाखालच्या वाडीतली एक गवळण दूध विकायला गडावर आली. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्याने नियम मोडायला नकार दिला. घरी तान्हे बाळ होते. ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून तिचे नाव दिले. ही गोष्ट मी शाळेत ऐकली आणि पुढे मराठीची प्राध्यापक म्हणून दंतकथेचा नमुना म्हणून वर्गात अनेकदा सांगितली. पण तिला विचारायला हवा असा एक साधा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत सुचला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या मुलीची सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा संपत आली होती. बाळाला कुणाकडे ठेवायचे, हा घरातला रोजचा विषय झाला होता. पाळणाघर, घरी येणारी बाई, सासरच्या आजी, नोकरीला वर्षभर रामराम, असे सगळे पर्याय कागदावर मांडून झाले होते. एका संध्याकाळी तिने सरळच विचारले, "आई, तू सांभाळशील का गं?" मी लगेच हो म्हणाले नाही. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा ती जुनी गोष्ट आठवली आणि प्रश्न पडला: हिरकणी दिवसभर गडावर होती, मग तिचे बाळ कुणापाशी होते?

या लेखात तो प्रश्न मी काही संहितांना विचारून पाहिला आहे. दंतकथा, चित्रपट, रोजच्या बोलण्यातले शब्द आणि कायदा या त्या संहिता. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामाला जाणाऱ्या आईची गोष्ट आपण सांगितली, पण ती आईच्या पावलांची सांगितली. मागे बाळापाशी बसलेल्या माणसाची सांगितली नाही. ज्या माणसाला गोष्ट नाही, त्याच्या वेळेचा, पगाराचा आणि थकव्याचा हिशोबही आपण नीट मांडलेला नाही.

१

दंतकथा कशावर थांबते आणि काय ओलांडून पुढे जाते, हे पाहिले की तिची रचना कळते. हिरकणीची गोष्ट थांबते ती दरवाजा, कडा आणि दरबार या तीन जागी. बाळ या तिन्हींपैकी कुठेच नाही. ते कारण म्हणून येते आणि कारण म्हणूनच राहते. त्याच्यापाशी कोण होते, याबद्दल सांगणारे वेगवेगळे सांगतात. कुणी म्हणते, बाळ पाळण्यात एकटेच होते. कुणी घरात म्हातारी सासू घालते. कुणी शेजारीण आणते. पाठभेद इतके सैल आहेत, याचा अर्थ गोष्टीला त्या जागी कोण आहे याने काही फरक पडत नाही. तिला बाळ भुकेले हवे आहे आणि आई दूर हवी आहे.

गोष्टीतला दुसरा तपशील मला अधिक अस्वस्थ करतो. हिरकणी गडावर दूध घेऊन गेली होती. वरच्या घरांतली मुले ते दूध पिणार होती, आणि खाली तिचे स्वतःचे मूल दुधासाठी रडत होते. सांगणारा हा विरोध बोलून दाखवत नाही, कारण त्याचे लक्ष कड्याकडे असते. तरी तो गोष्टीत आहे, आणि लेखाच्या शेवटी मला तिथेच परत यायचे आहे.

आता शेवट पाहू. हिरकणीला साडीचोळी मिळते आणि बुरूज बांधला जातो. आपण बुरुजाला स्मारक समजतो, आणि ते आहेच. पण गडाच्या व्यवहारात बुरुजाचे काम वाट अडवणे हे असते. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, हे राजाला लगेच कळले. गडाच्या धन्याने तसेच करायला हवे होते, त्याला दोष नाही. पहारेकऱ्यालाही नाही, त्याने नियम पाळला. मात्र गोष्ट म्हणून एवढे दिसते की आईच्या धाडसाचा गौरव आणि तिची वाट बंद करणे, ही दोन्ही कामे एकाच बांधकामाने झाली. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आलेल्या गवळणीला संध्याकाळी उशीर झाला असता, तर तिच्यासाठी दरवाजाही नव्हता आणि कडाही नव्हता.

प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला 'हिरकणी' हा चित्रपट २०१९ साली आला. सोनाली कुलकर्णी यांनी त्यात हिरकणीची भूमिका केली. त्यातही प्रेक्षकाची छाती धडधडते ती कड्यावर. हे स्वाभाविक आहे. उतरणारी बाई पडद्यावर दिसते, तर वाट पाहणारे बाळ आणि त्याला जोजवणारे कुणी यांत दाखवण्यासारखी हालचाल नसते. सांभाळण्याला घटना नसते, आणि ज्याला घटना नसते ते कथेत टिकत नाही.

पुढे हिरकणीचे नाव कड्यावरून खाली उतरले. आज एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत 'हिरकणी कक्ष' असतो. आईने बाळाला निवांत पाजावे म्हणून केलेली ही खोली आहे. सोय चांगली आहे, आणि जिथे ती उघडी व स्वच्छ असते तिथे बायका तिला दुवा देतात. पण नावाचा अर्थ पाहिला तर गंमत दिसते. त्या खोलीत आई आणि बाळ एकत्र असतात. हिरकणीची सगळी अडचण ही की ती आणि तिचे बाळ एकत्र नव्हते. तिचे नाव खरे शोभले असते ते पाळणाघराला. ते आपण तिथे दिले नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोरची हिरकणी म्हणजे बाळाला जवळ घेतलेली आई. बाळाला सोडून कामाला गेलेली बाई आपण तिच्यात पाहिलीच नाही.

२

मराठीत नोकरीसाठी घर सोडणाऱ्या आईची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी हा चित्रपट १९८२ साली केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. स्मिता पाटील यांची सुलभा महिला सुधारगृहाच्या अधीक्षकपदासाठी घराबाहेर पडते. तिची मुलगी घरी जावेपाशी राहते आणि हळूहळू आईपासून दुरावते.

हा चित्रपट आमच्या पिढीने भांडून पाहिला. सुलभाने जायला हवे होते की नव्हते, नवरा चुकला की ती, यावर रात्री जागवल्या. पण जावेविषयी आम्ही बोललो नाही. सुलभाला घर सोडता आले ते ही जाऊ घरात होती म्हणून. मुलीला आईचा दुरावा सोसता आला तोही तिच्यामुळे. तरी कथेच्या हिशोबात तिच्याकडे मुलीचा जीव ओढला जातो, हे सुलभाचे नुकसान म्हणून येते. तिने केलेले काम म्हणून ते येत नाही. उंबरठा ओलांडणाऱ्या पावलावर सगळा प्रकाश आणि उंबरठ्याच्या आत थांबलेली बाई अंधारात, ही विभागणी हिरकणीच्या गोष्टीचीच आहे. कड्याच्या जागी उंबरठा आला, एवढाच बदल.

इथे मला स्वतःच्या एका संहितेचा उल्लेख करणे भाग आहे. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी महाविद्यालयात परत रुजू झाले. तिला माझ्या सासूबाईंनी सांभाळले. त्याच काळात मी पीएच.डी. केली आणि प्रबंध पुढे पुस्तकरूपाने निघाला. हा लेख लिहिताना मी त्यातला ऋणनिर्देश काढून पाहिला. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक आणि मुद्रितशोधक यांची नावे आहेत. शेवटी एक ओळ आहे, घरच्या सर्वांनी सहकार्य केल्याची. सासूबाईंचे नाव नाही. स्त्रियांच्या ओव्यांमधले श्रम हा माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा विषय होता.

३

भाषेत काय शिल्लक आहे ते पाहू. 'पाळणाघर' हा शब्द सुरेख आहे, त्यात पाळणाही आहे आणि घरही. पण पाळणा झुलवणारा हात त्यात नाही. इंग्रजीने फ्रेंचमधून घेतलेल्या 'क्रेश' या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण असा आहे. फिर्मँ मार्बो यांनी १८४४ साली पॅरिसमध्ये कामकरी बायकांच्या मुलांसाठी पहिले असे घर काढले, तेव्हा येशूच्या जन्माची गव्हाण ऐकणाऱ्याच्या मनात यावी अशीच ती योजना होती. दोन्ही भाषांत संस्थेला नाव मिळाले ते बाळाला ठेवायच्या वस्तूवरून.

क्रियापदही पाहण्यासारखे आहे. आपण मूल पाळणाघरात 'ठेवतो', जसे दागिने बँकेत ठेवतो किंवा सामान शेजारी ठेवतो. ठेवलेली वस्तू तशीच परत मिळावी, एवढीच अपेक्षा त्या क्रियापदात आहे. पण सहा महिन्यांचे मूल संध्याकाळी तसेच परत मिळत नाही. दिवसभरात ते कुणाचा तरी चेहरा शिकलेले असते, कुणाच्या तरी आवाजाला हसलेले असते.

आणि तो चेहरा जिचा, तिला आपण 'मावशी' म्हणतो. या नात्याच्या नावात माया आहे, मुलालाही ते सोपे जाते. पण या नावाने एक सोयही होते. मावशीला पगार ठरवून मागता येत नाही, तिला सुट्टी मागताना संकोच होतो, आणि 'घरच्यासारखी आहे' म्हटले की तिच्या कामाला तास उरत नाहीत. आजीच्या बाबतीत तर हिशोबाचा विषयच निघत नाही. मुलीने मला विचारले तेव्हा माझी जीभ अडली ती नातवावरच्या मायेला उणेपणा होता म्हणून नव्हे. त्या प्रश्नात 'किती वाजता ते किती वाजता' हा भाग नव्हता, म्हणून.

४

कायदाही एक संहिताच आहे. ती वाचताना मी फक्त एवढे पाहिले की कायदा मोजतो कुणाला.

१९४८ चा कारखाना अधिनियम बायका मोजत असे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असे त्याचे कलम झाले. मुलांची देखभाल शिकलेल्या बायका तिथे असाव्यात, हेही त्यात होते. हेतू उत्तम होता. पण बायका मोजल्या की एकतिसावी बाई मालकाला महाग पडू लागते. पाळणाघर टाळायचे तर तिला न घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

१९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ही चूक सुधारली गेली. पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कर्मचारी म्हणजे बाई आणि पुरुष दोन्ही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे. मोजणी सुधारली, पण पुढचे वाक्य जुन्याच वळणाचे राहिले. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली आहे ती 'स्त्री'ला. बाप कर्मचारी म्हणून मोजला गेला, बाळाला भेटायला जाणारा म्हणून नाही. शिवाय एकोणपन्नास माणसांच्या कचेरीत, दुकानात, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या आयुष्यात हे कलम पोहोचतच नाही.

तिसरी मोजणी मला सर्वांत शहाणी वाटते, आणि ती सर्वांत गरीब कामाच्या कायद्यात आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने बायकाही मोजल्या नाहीत आणि कर्मचारीही नाहीत. त्याने मुले मोजली. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर कामावरच्याच एका बाईला त्यांना सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, असे त्यात म्हटले. अंमल किती झाला हा वेगळा विषय. पण संहिता म्हणून पाहिले तर मुलापाशी बसणे हे खडी फोडण्याइतकेच काम आहे, हे या एका तरतुदीने मान्य केले. आमच्या दंतकथेने आणि चित्रपटाने जी बाई अंधारात ठेवली, ती इथे मजुरीच्या पटावर येते.

या प्रश्नाची मराठी मुळे जुनी आहेत. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जात, हे १९२० च्या दशकातल्या अहवालांत नोंदलेले आहे. बाळापाशी माणूस नसेल तर त्याच्या जागी काय येते, त्याचे हे उत्तर. त्याच दशकात, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला, पण भार मालकावर राहिला, आणि मालक तो टाळण्याच्या वाटा शोधत राहिला. रजेचे आठवडे वाढले, तरी खर्च कुणाचा, हा आंबेडकरांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

उत्तरे शोधणारी माणसेही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार रुजवला. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावर काम करणाऱ्या मजूर बायकांची मुले उन्हातान्हात पडलेली पाहून तिथेच पाळणाघर सुरू केले. फिरत्या पाळणाघरांचे हे काम पुढे मुंबई-पुण्याकडेही आले. या दोन्ही प्रयत्नांत मूल जिथे आहे तिथे सांभाळणारे माणूस गेले. उलट १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीचे वर्गाचे तास मुख्यतः तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी राहिले. सहा महिन्यांच्या बाळाला तिथून पोषक आहार मिळतो, दिवसभराची मांडी मिळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचे तान्हे आजही फडाच्या कडेला झोळीत असते आणि शाळा सोडून आलेली थोरली बहीण झोळीची दोरी ओढत असते. त्या मुलीला कुणी मावशीसुद्धा म्हणत नाही.

५

एवढे वाचून झाल्यावर मुलीबरोबर पाळणाघरे पाहायला गेले. वाचनाचा उपयोग एवढाच झाला की मी भिंतींवरची चित्रे पाहिली नाहीत. एका वेळी एका बाईपाशी किती तान्ही असतात, ती बाई इथे किती वर्षे टिकली आहे, न सांगता आलेल्या आईबापांना आत येऊ देतात का, काढून ठेवलेले दूध कुणाचे कोणते हे कसे ओळखतात आणि कुठे ठेवतात, एवढेच विचारले. पहिल्या ठिकाणी बाळांच्या खोलीत कॅमेरा होता, पण बाया दर दोन-तीन महिन्यांनी बदलत होत्या. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला दाराशीच थांबवले.

तिसरे पाळणाघर एका सोसायटीत तळमजल्यावर होते. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे दीड वर्षाचे मूल इतरांत खेळत होते. आमच्याबरोबर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "यांचं लक्ष स्वतःच्या मुलाकडेच जाणार नाही का?" चालिकेने शांतपणे सांगितले की आधीच्या बाईचे मूल घरी आठ वर्षांच्या बहिणीपाशी असायचे आणि चार वाजल्यापासून ती बाई घड्याळाकडे पाहायची. मला वरच्या मुलांसाठी दूध घेऊन गेलेली गवळण आठवली. आजची हिरकणी माझी मुलगी नव्हे. तिला सव्वीस आठवडे रजा मिळाली, निवडायला तीन पाळणाघरे होती आणि एक आई होती. आजची हिरकणी, जिच्यापाशी आम्ही आमचे बाळ देणार होतो, ती. तिचे बाळ कुणापाशी आहे, हा प्रश्न आईबापांनी पाळणाघरात पहिला विचारायला हवा. त्याचे उत्तर चांगले असेल, तर आपल्या बाळाविषयीचे निम्मे उत्तर त्यात असते.

मुलीने ते तिसरेच पाळणाघर निवडले. बुधवार आणि शनिवार मी सांभाळते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. वेळ आम्ही आधी ठरवून घेतली. मुलीला ती सुरुवातीला जरा कोरडी वाटली, आता वाटत नाही. पाळणाघर साडेसहाला बंद होते. तिला किंवा जावयाला रस्त्यात अडकायला झाले तर बाळाला मी घेऊन येते, कारण मावशींनाही घरी जायचे असते.

माझ्या प्रबंधाची दुसरी आवृत्ती या वर्षी निघते आहे. मजकुरात फारसे बदल केले नाहीत. ऋणनिर्देश मात्र नव्याने लिहून प्रकाशकाकडे दिला. त्यात सासूबाईंचे पूर्ण नाव आहे, आणि त्यापुढे एवढेच: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, सहा वर्षे.